आनंदविहारची खुशाली

सकाळी घंटागाडी आनंदविहार कॉलनीच्या कमानीतून आत वळली, की उज्ज्वला बोरसे कचऱ्याची बादली खाली ठेवायच्या, गाऊनवरची ओढणी सारखी करायच्या आणि गाडीच्या कपाळावर बसवलेल्या काळ्या भिंगाला हात जोडायच्या. गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायची. हसू देत, काकू म्हणायच्या, माझ्यासारखे न्हाणीघरात पडाल तेव्हा कळेल. सत्तरी ओलांडलेल्या बाईला कोण काय बोलणार? शिवाय त्यांचं खोटंही नव्हतं. त्या भिंगामुळेच त्या आज बादली घेऊन उभ्या होत्या.

आता हे भिंग काय होतं ते सांगायला हवं. पूर्वी नकाशावाल्यांची गाडी डोक्यावर कॅमेरा घेऊन दोन-चार वर्षांतून एकदा धुळ्यात यायची. लोक मोबाइलवर आपलं घर शोधायचे, ही बघ आपली स्कूटर म्हणून एकमेकांना दाखवायचे आणि विसरून जायचे. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं, की गल्लीबोळात रोज दोनदा फिरणारी गाडी गावात आहेच की, तिलाच कॅमेरा का लावू नये? झालं. घंटागाडीला भिंग बसलं आणि गावातल्या घराघराचं दार सकाळ-संध्याकाळ नकाशावर चढू लागलं. जगात कुठेही बसलेल्या माणसाने ते उघडावं आणि बघावं. ओरड झाली तेव्हा सरकारने कायदा केला, की माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसून टाकायचे. त्यामुळे नकाशावरच्या आनंदविहारमध्ये सगळी माणसं बिनतोंडाची फिरायची. चेहरे पुसायचं सुचलं, दारं पुसायचं मात्र कुणाला सुचलं नाही. अगदीच कुणाला नको असेल, तर अख्खं घर धुरकट करून मिळायचं. लोक त्याला पडदा म्हणत. पण पडदा घेतलेल्या घराकडे गल्ली अशी काही बघायची, की साधासुधा माणूस त्या भानगडीत पडत नसे.

पुण्याच्या डॉ. ओवी ठोंबरे यांनी या फोटोंमधून एक वेगळीच गोष्ट बाहेर काढली. एका फोटोत काही नसतं, असं त्या म्हणत. दारात चपला आहेत, दोरीवर टॉवेल आहे, एवढंच दिसतं. पण रोजचे दोन, असे वर्षानुवर्षांचे फोटो ओळीने लावले की घराची एक चाल दिसायला लागते. चादरी कोणत्या वारी धुतात, जाळीचं दार कधी उघडतं, रांगोळीची रेघ कुणाच्या हातची आहे, कुंड्यांची माती ओली कधी असते. वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवून पोटातलं ओळखतो, तसं त्यांचं यंत्र उंबऱ्यावरून घरातलं ओळखायचं. आत कॅमेरा नाही, भिंतीपलीकडे डोकावणं नाही. नेहमीपेक्षा आज काय वेगळं आहे, एवढंच ते बघायचं. बाईंनी त्याला घरनाडी असं नाव दिलं. या घरनाडीवर जी सेवा निघाली तिचं नाव खुशाली. परगावी राहणाऱ्या लेकरांना रोज सकाळी फोनवर एक ओळ यायची, 'आईकडे सगळं खुशाल.' काही बिनसलेलं दिसलं, तर मात्र फोन वाजत सुटायचा.

काकूंची खुशाली त्यांच्या जावयाने, अद्वैत देवरेने लावली होती. आणि दोन वर्षांपूर्वी एका पहाटे काकू न्हाणीघरात घसरल्या, तेव्हा तिनेच त्यांना वाचवलं. गाडी आली तेव्हा अंगणात सडा नाही, जाळी बंद, पोर्चमधला दिवा तसाच जळतोय, एवढं यंत्राला पुरे झालं. नाशिकला अद्वैतचा फोन वाजला. त्याने काकूंना फोन लावले, मग शेजारच्या निकमसरांना लावला. निकमसर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर, पंचाहत्तरीचे, एकटेच राहणारे. त्यांनी पहार आणून कडी उचकटली आणि मोडलेल्या मनगटाच्या, अर्धवट शुद्धीतल्या काकूंना स्वतःच्या लुंगीत गुंडाळून रिक्षात घातलं. उरलेला सगळा वेळ आपण लुंगीविना दवाखान्यात बसलो होतो, हे ते पुढे गल्लीभर रंगवून सांगत. दुपारपर्यंत अद्वैत धुळ्यात पोचला. दवाखान्यात तो काकूंच्या उशाशी बसून राहिला, चमच्याने पेज भरवली, घरी आणल्यावर न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडी बसवून दिली. पोटच्या पोराने केलं नसतं एवढं जावयाने केलं, असं काकू भेटेल त्याला सांगायच्या, आणि सांगताना त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे.

म्हणूनच चैत्रातल्या एका रणरणत्या दुपारी, गल्ली झोपलेली असताना, त्यांची लेक शर्वरी एक बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली की मी अद्वैतला सोडून आले, तेव्हा काकूंच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "अद्वैतराव? आपले अद्वैतराव?"

शर्वरीने दंडावरची कुडत्याची बाही वर केली. काकूंनी बघितलं आणि पोरीला जवळ ओढलं.

हळूहळू सगळं कळलं. बाहेर गेली की कुठे, कुणाबरोबर, किती वेळ. भाजीला अर्धा तास कसा लागला. फ्लॅटच्या दारालासुद्धा त्याने डोळा बसवलेला. एकदा ती मैत्रिणीकडे निघून गेली होती, तर हात जोडून, रडून परत आणलं आणि आणल्यावर दोन दिवस बेडरूमला बाहेरून कडी. मारायचा कधीमधी, पण ते तिला त्यातल्या त्यात कमी वाटायचं. "तुझी खुशाली दिवसातून एकदा घेतो ना आई," ती म्हणाली, "माझी पन्नास वेळा घ्यायचा." धुळ्याच्याच कोर्टात तिने अर्ज टाकला होता. त्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही असा आदेश यायला दोन-तीन महिने लागतील, तोवर तो समोर येता कामा नये, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. एकदा समोर आला की आपण परत जाऊ, याची शर्वरीला स्वतःचीच भीती होती. बंगळुरूला मैत्रिणीकडे आहे, असं ती त्याला कळवून निघाली होती. आईकडे लपण्यात तिचा हिशेब असा, की आईचं दार तो रोज सकाळी बघतोच. तिथे काही बदललेलं दिसलं नाही, की धुळ्याकडे त्याचं लक्ष जाणार नाही.

म्हणजे दार बदलता कामा नये. काकू कामाला लागल्या. शर्वरीच्या चपला कपाटात गेल्या. तिचे कपडे मधल्या खोलीत पंख्याखाली वाळू लागले. रांगोळी काकूंनी मोडक्या मनगटाने नेहमीसारखी वेडीवाकडीच काढायची. भाजी एकटीपुरती घ्यायची आणि उरलेली निकमसरांनी त्यांच्या पिशवीतून मागच्या दाराने द्यायची. सरांना ठाऊक होतं, कारण गल्लीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. शर्वरी याच गल्लीत लहानाची मोठी झालेली, तिची शिंकसुद्धा पवारवहिनी भिंतीआडून ओळखायच्या. पण पंधरा घरांतून एक शब्द बाहेर गेला नाही. इस्त्रीवाल्यालासुद्धा कुणी काही बोललं नाही, आणि आनंदविहारच्या बायकांनी इस्त्रीवाल्याला काही न सांगणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल.

काकूंना या सगळ्याचं फार वाटायचं. एवढी माणसं आपल्या लेकीसाठी तोंड शिवून बसली आहेत, आणि आपण नुसतं कोरडं आभारी आहे म्हणायचं? त्यांच्या मनाने घेतलं, की यंदा कुरडया करायच्या आणि घरोघर वाटायच्या. मनगट मोडल्यापासून त्यांच्याकडे कुरडया झाल्या नव्हत्या. त्यांनी गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला. आधणात ओतलेला चीक हाटायला दणकट हात लागतो, तो शर्वरीने हाटला. गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायलाही तिचाच हात. स्वयंपाकघरात मायलेकी घामाने निथळत होत्या, लहानपणीसारखी शर्वरी वाटीत चीक घेऊन तेल-तिखट घालून खात होती आणि आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसत होती. त्या हसण्यात काकूंचं भान गेलं. दाबलेल्या कुरडया ताटांतून बाहेर नेऊन त्यांनी अंगणातल्या खाटांवर स्वतःच्या हाताने पसरल्या. शर्वरीने उंबरा ओलांडला नाही, याची दोघींनी काळजी घेतली. कुरडया उन्हात घालायच्या असतात, आणि ऊन अंगणात असतं. यात काही चुकतंय हे दोघींच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अद्वैतचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ. आज निरोपात नेहमीची ओळ नव्हती, म्हणाला, 'आईकडे उत्साह दिसतो' अशी होती, म्हणून त्याने नकाशा उघडून बघितला. अंगणभर कुरडया. "पण आई, तुमच्या मनगटाने तर सोऱ्या फिरत नाही. मला डॉक्टरांनी सांगितलेलं आठवतं."

गल्लीतल्या बायकांनी हात लावला हो, असं काकूंनी कसंबसं सांगितलं. तो छान म्हणाला, शेजार चांगला आहे म्हणाला, आणि एवढ्यात एकदा येतो कुरडया खायला, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

काकूंना रडू फुटलं ते भीतीने, आणि थोडं लाजेनेही. मनगटाची गोष्ट त्याला माहीत होती, कारण ते प्लास्टरमध्ये असताना तो उशाशी बसला होता. ज्याचे उपकार त्याच्याशीच खोटं बोलायचं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. शर्वरी भिंतीला टेकून बसली होती, पांढरी पडलेली. तिच्याकडे बघितल्यावर उतरलं.

काकूंनी ठोंबरेबाईंना फोन लावला. काकू घरनाडीने वाचवलेल्यांपैकी अगदी सुरुवातीच्या, त्यामुळे बाई दर दिवाळीला आठवणीने फोन करायच्या आणि काकू त्यांना कुरियरने चिवडा पाठवायच्या. काकूंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "काकू, शेजारी पाहुणे आलेत हे तुम्हाला कसं कळतं?"

"कुकरच्या शिट्ट्यांवरून. दोन व्हायच्या तिथे पाच झाल्या, की ओळखायचं नणंद आली."

"यंत्राचंही तसंच आहे. ते तुमच्या मुलीला ओळखत नाही. तुमच्या दाराला ओळखतं आणि दोनच्या पाच झाल्या की बोलतं."

मग आम्ही पडदाच घेतो, काकू म्हणाल्या. बाईंनी समजावलं, की इतकी वर्षं उघडं असलेलं घर एकदम झाकणं ही तर सगळ्यात मोठी शिट्टी, त्याची बातमी जावयाला पहिल्या मिनिटाला जाईल. खुशाली बंद केली तरी तेच. मग बाई जरा हळू आवाजात बोलू लागल्या. समजा त्या घरात आज दोन शिट्ट्या, उद्या नऊ, परवा एकही नाही. आणि हेच गल्लीतल्या प्रत्येक घरात. तर तुम्ही काय ओळखाल?

"कपाळ ओळखणार. म्हणेन यांचं रोजचंच आहे."

"आमच्यात त्याला गलका म्हणतात. सगळंच रोज बदलत राहिलं, तर बदल दिसतच नाही. एकट्या घराने गलका करून भागत नाही, यंत्र शेजारच्या घरांशी ताडून बघतं. अख्ख्या गल्लीने करावा लागेल." आणि काकू आशेने काही बोलणार तेवढ्यात बाईंनी त्यांना अडवलं. "पण नीट ऐका. गलक्यात नाडी लागत नाही. आणि नाडी लागली नाही पण दारात हालचाल दिसली, तर यंत्र खुशाल असंच कळवतं. उगाच फोन वाजले की लोक वैतागून सेवा बंद करतात, म्हणून आम्हीच तसं ठेवलंय. उद्या तुम्ही परत पडलात, तर ते ओरडणार नाही. तुमच्यासाठी नाही आणि त्या गल्लीत कुणासाठीच नाही."

हे मी सांगितलं असं कुणाला सांगू नका, असंही त्या म्हणाल्या.

संध्याकाळची गाडी गेल्यावर काकू गणपतीच्या देवळाच्या ओट्यावर गेल्या, तिथे गल्ली जमलेली असायची. त्यांनी लपवाछपवी केली नाही. गलका म्हणजे काय ते सांगितलं, आणि त्यात प्रत्येकाचं काय जाणार तेही सांगितलं. गल्लीत निम्म्या घरांतून एकटीदुकटी म्हातारी माणसं होती, पोरं पुण्यात नाहीतर परदेशात. पवारवहिनी मांडीवरचा लसूण सोलत राहिल्या. काकूंना वाटलं, आपण फार मागितलं. मग निकमसर चष्मा पुसत म्हणाले, "उज्ज्वलाताई, माझ्या वेदांतला कॅनडात रोज माझी खुशाली जाते, म्हणून तो फोन करत नाही. माझ्या दाराची एवढी काय मोठी किंमत? तुमच्या शर्वरीचे कपडे उद्यापासून माझ्या दोरीवर वाळवा." पवारवहिनी म्हणाल्या, सरांच्या दोरीवर पंजाबी ड्रेस, म्हणजे पुण्यापर्यंत चर्चा होणार. सगळे हसले, आणि हसताहसता ठरून गेलं.

दुसऱ्या सकाळपासून आनंदविहारमध्ये जो काही गोंधळ सुरू झाला तो बघण्यासारखा होता. पवारांच्या दारात दहा जोड चपला, दुसऱ्या दिवशी एकही नाही. देसलेबाई शेजारणीच्या अंगणात रांगोळी घालून यायच्या, शेजारीण त्यांच्या. निकमसर शाळेतल्यासारखे हुकूम सोडायचे, आज अमक्याने दिवा दुपारपर्यंत चालू ठेवायचा, आज तमक्याने जाळी उघडायची नाही. अर्ध्या गल्लीने कुरडया केल्या, उरलेल्यांनी साबुदाण्याचे पापड, आणि ते भलत्याच्याच अंगणात वाळत असायचे. म्हाताऱ्या माणसांना कित्येक वर्षांत एवढं काम मिळालं नव्हतं. काकू रोज कुणाकुणाचा हात हातात घ्यायच्या. माणसाला असा शेजार मिळायला पूर्वजन्मीचं काहीतरी लागतं, एवढंच त्या म्हणायच्या.

अद्वैत आला. अचानक आला, पण कमानीशी त्याची गाडी दिसताच शर्वरी मागच्या दाराने निकमसरांच्या आतल्या खोलीत गेली होती. तो काकूंच्या पाया पडला. न्हाणीघरातली दांडी हलते का बघतो, म्हणून आत गेला आणि बघताबघता सगळ्या खोल्यांतून फिरून आला. कुरडई खाल्ली. चहा घेतला. गल्लीत काय जत्रा भरलीय का, असं त्याने हसत विचारलं, हल्ली निरोपात नुसतं खुशाल खुशाल येतं, कळत काहीच नाही. काकू म्हणाल्या, म्हाताऱ्यांना उद्योग नको का. निघताना त्याने काकूंचं मनगट हलकेच दाबून बघितलं, दुखतं का विचारलं. त्याक्षणी काकूंना त्याची माया आली, खोटं कशाला सांगा. या हाताने आपल्याला पेज भरवली आणि याच हाताने आपल्या पोरीच्या दंडावर वळ उठवले, हे दोन्ही खरं होतं आणि त्यांना एकाच माणसाकडे बघून दोन्ही मानायचं होतं. तो गेला. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि मागच्या दाराने सरांकडे धावल्या.

त्यानंतर सरांच्या दोरीचं काम काकूंनी स्वतःकडे घेतलं. सरांची पाठ धरायची, हात वर करून चिमटे लावणं त्यांना जड जायचं. तेवढं तरी आपल्याकडून, असं म्हणून काकू पहाटेच त्यांच्या अंगणात जायच्या, ओलवून पिळलेला शर्ट, कधी शर्वरीचा ड्रेस दोरीवर टाकायच्या, दारातल्या चपला इकडच्या तिकडे करायच्या, कुंड्यांना पाणी घालायच्या. सर उशिरा उठणारे, त्यामुळे आवाज न करता करायच्या.

श्रावण लागता लागता कोर्टाचा आदेश आला. अद्वैतने शर्वरीच्या जवळपास फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, काकूंची खुशालीही यापुढे शर्वरीकडेच येणार. वकीलबाईंचा फोन ठेवला आणि शर्वरी सगळ्यांसमोर, पुढच्या दाराने, चप्पल घालून अंगणात आली. तिने उन्हात तोंड वर केलं. काकूंनी भरपूर तूप घालून शिरा केला, पहिली वाटी सरांची म्हणून भरली आणि त्यांच्या दारावर थाप मारली. हाका मारल्या. शेवटी पवारांच्या मुलाने सरांच्याच अंगणातली पहार आणून कडी उचकटली.

सर पलंगाशेजारी खाली पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी पहाटेच झटका आला असावा, पण लगेच गेले नसावेत, संध्याकाळपर्यंत जीव होता. म्हणजे आदल्या सकाळी काकू चिमटे लावत होत्या, तेव्हा सर भिंतीपलीकडे होते, आणि दिवसभर दिसले नाहीत तेव्हा पाठ धरली असेल असंच गल्लीला वाटलं होतं. गाडी आली होती. दोरीवर ताजा शर्ट होता, कुंड्या ओल्या होत्या. त्या सकाळी आणि या सकाळीही.

वेदांत कॅनडाहून आला, सगळं क्रियाकर्म केलं. जायच्या आदल्या दिवशी तो काकूंच्या ओट्यावर येऊन बसला. बापासारखाच चष्मा पुसायची सवय. म्हणाला, तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. बाबा शेवटचे काही महिने फार आनंदात होते, क्वचित फोन झाला तर हसायचे. आणि शेवटपर्यंत रोज 'बाबांकडे सगळं खुशाल' असा निरोप येत होता, तेवढं समाधान आहे.

काकूंना ते ऐकवेना. न सांगता त्या गप्प बसल्या असत्या, तर कुणालाच कळलं नसतं. पण त्यांनी सांगितलं. शर्वरीचं सांगितलं, गलक्याचं सांगितलं. "बाळा, ते शर्ट मी टाकले होते. मी टाकले नसते, तर तुझा फोन वाजला असता."

वेदांत बराच वेळ सरांच्या रिकाम्या दोरीकडे बघत राहिला. शर्वरी दारात उभी होती, तिच्याकडेही त्याने एकदा बघितलं. काकू त्याच्या रागाची वाट बघत होत्या. रागावला असता तर त्यांना हलकं वाटलं असतं.

"काकू," तो म्हणाला, "तिकडे तेव्हा रात्रीचं जेवण असतं. ती ओळ आली, की मी जेवायला बसायचो. इतकी वर्षं तसंच. बाबा गेल्यावर चार दिवस ती आली नाही, आणि मला..." त्याने चष्मा पुन्हा पुसला. "मी खुशाली बंद केलेली नाही. घर विकणार नाही. तुम्हाला जमेल तोवर टाकाल का शर्ट?"

शर्वरी पुढे होऊन काही म्हणणार होती. काकूंनी हाताने तिला थांबवलं. ज्या माणसाने पहार घेऊन आपलं दार फोडलं, ज्याच्या खोलीत आपली लेक लपली, त्याच्या मुलाने एवढंसं मागितलं होतं. नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

म्हणून आनंदविहारमध्ये आता गलका नाही. चपला ज्याच्या त्याच्या दारात असतात, शर्वरी रोज पुढच्या दाराने कामाला जाते, आणि पवारवहिनी इस्त्रीवाल्याला सगळं सांगतात. निकमसरांच्या घराची किल्ली काकूंकडे आहे. पहाटे त्या कपाटातला एक शर्ट काढतात, ओलवून पिळतात, दोरीवर टाकतात, जाळी उघडतात, कुंड्यांना पाणी घालतात. न चुकता, ठरल्या वेळी. सरांची पाठ धरायची तेव्हा एखादा दिवस चुकायचा, आता तोही चुकत नाही, त्यामुळे घरनाडीच्या दृष्टीने निकमसरांची तब्येत पूर्वीपेक्षा सुधारली आहे. मागच्या आठवड्यात एका सकाळी नेहमीच्या ओळीऐवजी 'बाबांकडे उत्साह दिसतो' अशी ओळ कॅनडात गेली. वेदांतने ती काकूंना पाठवली आणि खाली लिहिलं, थँक्यू काकू.